सीपा : अमेरिकन शाळांतील इंटरनेट वापराचा कायदा

चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट, संक्षेपाने सीपा. अमेरिकेतील शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांतल्या इंटरनेट वापरासंबंधीचा केंद्रीय कायदा. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २१ डिसेंबर २००० रोजी त्यावर सही केली. तो स्वतंत्रपणे संमत झाला नाही. सरकारी खर्चाच्या एका भल्यामोठ्या विधेयकात त्याची कलमे घातलेली होती. २० एप्रिल २००१ पासून तो अमलात आला. सीपा कोणत्याही शाळेला थेट हुकूम देत नाही. इंटरनेटच्या बिलात केंद्राची सवलत हवी असेल तर अश्लील चित्रे अडवणारे फिल्टर बसवा आणि वापराचे लेखी धोरण ठरवा, एवढेच तो सांगतो. ज्या शाळेला सवलत नको, तिला तो लागू नाही. त्याची प्रत्यक्ष मागणी बेताची आहे. शाळांनी त्याच्या नावावर केलेले मात्र पुष्कळ आहे. सीपाभोवतीचे बहुतेक वाद या दोहोंमधल्या अंतरातून उद्भवले.

पार्श्वभूमी समजायला १९९० च्या दशकातील घाई लक्षात घ्यावी लागते. १९९४ मध्ये अमेरिकेतील ३५ टक्के सरकारी शाळांत इंटरनेट पोहोचले होते, पण शिकवण्याच्या खोल्यांचा विचार केला तर हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. २००० मध्ये हेच आकडे ९८ आणि ७७ टक्के झाले. या उडीमागे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने निर्माण केलेली ‘ई-रेट’ योजना होती. दूरध्वनी कंपन्यांकडून (म्हणजे शेवटी ग्राहकांच्या बिलातून) जमणाऱ्या निधीतून शाळा-ग्रंथालयांच्या जोडणीचा २० ते ९० टक्के खर्च भागवला जाई. शाळेतील मुले जितकी गरीब आणि गाव जितके आडवळणाचे, तितकी सवलत अधिक. वर्षाची मर्यादा सुरुवातीला २ अब्ज २५ कोटी डॉलर होती. गरीब शाळांचे इंटरनेट असे जवळजवळ पूर्णपणे या निधीवर उभे राहिले. म्हणूनच सवलतीला जोडलेली अट नाकारण्याचे स्वातंत्र्य श्रीमंत वस्तीतल्या शाळेला होते, गरीब वस्तीतल्या शाळेला ते फक्त कागदावर होते.

मुलांना अश्लील मजकुरापासून दूर ठेवण्याचे याआधीचे दोन प्रयत्न न्यायालयात अडकले होते. १९९६ च्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी ॲक्टमधील मुख्य कलमे सर्वोच्च न्यायालयाने जून १९९७ मध्ये रद्द केली. मुलांच्या नावाखाली प्रौढांच्या अभिव्यक्तीवरही गदा येते, असे त्याचे कारण होते. १९९८ चा चाइल्ड ऑनलाइन प्रोटेक्शन ॲक्ट स्थगितीमुळे कधी अमलातच आला नाही आणि २००९ मध्ये कायमचा संपला. सिनेटर जॉन मकेन, प्रतिनिधी अर्नेस्ट इस्टुक आदींनी यातून धडा घेतला. मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी सरकारी पैसा घेणाऱ्याला अट घालायची, ही सीपामागची युक्ती. ती कायद्याच्या दृष्टीने चतुर होती आणि न्यायालयात टिकलीही.

कायद्यातील तरतुदी वाचताना पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही, की फिल्टरची सक्ती केवळ दृश्य सामग्रीपुरती आहे : अश्लील चित्रे, बालकांचे लैंगिक चित्रण आणि ‘अल्पवयीनांना हानिकारक’ ठरणारी चित्रे. निव्वळ मजकूर अडवण्याची सक्ती कुठेही नाही. अल्पवयीन म्हणजे येथे १७ वर्षांखालील. फिल्टर प्रौढांच्या संगणकांवरही हवे. मात्र एखाद्या प्रौढाला खऱ्याखुऱ्या संशोधनासाठी किंवा अन्य कायदेशीर कामासाठी ते बंद करून देण्याची मुभा आहे. याखेरीज शाळेने ‘इंटरनेट सुरक्षा धोरण’ स्वीकारायचे असते. ईमेल व चॅट वापरताना मुलांची सुरक्षितता, हॅकिंगसारखे बेकायदा उद्योग, मुलांची वैयक्तिक माहिती उघड होणे, अयोग्य मजकुरापर्यंत पोहोचणे, या बाबींचा त्यात परामर्श हवा. धोरण ठरवण्यापूर्वी आगाऊ सूचना देऊन किमान एक जाहीर सभा घ्यावी लागते. मुलांसाठी काय अयोग्य हे स्थानिक स्कूल बोर्डाने ठरवायचे. केंद्र सरकारला त्यात निकष घालून देता येत नाहीत. हे सारे केल्याचे प्रमाणपत्र शाळा दर वर्षी देतात, आणि नियम पाळले नाहीत तर घेतलेली सवलत परत करावी लागू शकते. जे फक्त टेलिफोन सेवेवर सवलत घेत, त्यांना सीपाची अट नव्हती.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन व इतरांनी कायद्याला आव्हान दिले ते ग्रंथालयांच्या बाजूने. शाळांसाठीच्या कलमांना या खटल्यात हात लागला नाही. फिलाडेल्फियाच्या तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने मे २००२ मध्ये ग्रंथालयांपुरता कायदा घटनाबाह्य ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २००३ रोजी हा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी फिरवला. मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचे. सहापैकी न्यायमूर्ती केनेडी यांनी आपले मत एका गृहीतावर उभे केले : प्रौढ वाचकाने मागताच ग्रंथपाल फारसा उशीर न करता फिल्टर काढून देत असेल, तर तक्रारीला फारसे काही उरत नाही. पंधरा वर्षांचा विद्यार्थी मात्र असे मागू शकत नाही. मागितलेच, तर ते बहुधा शिक्षकामार्फत संगणक विभागाकडे जाते आणि उत्तर येईपर्यंत गृहपाठाची तारीख उलटलेली असते.

शाळांत प्रत्यक्ष वावरतो तो कायदा नव्हे, तर ‘ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी’ नावाचा दोन-चार पानी कागद. हा प्रकार सीपाच्या आधीचा. संशोधन आणि शिक्षणासाठी उभारलेल्या एनएसएफनेट या जाळ्याचे असेच धोरण होते आणि व्यापारी वापराला त्यात मज्जाव होता. विद्यापीठांतून ती पद्धत शाळांत उतरली. शाळा सुरू होण्याच्या सुमारास विद्यार्थी आणि पालक दोघांनी त्यावर सही करायची असते. पासवर्ड कुणाला सांगू नये, दुसऱ्याच्या फाइलींना हात लावू नये, फिल्टर चुकवू नये, शाळेच्या खात्यात खासगीपणाची अपेक्षा धरू नये, अशी ही कलमे. इंटरनेट ही सवलत आहे, हक्क नव्हे, हे वाक्य तर इतक्या धोरणांत सापडते की ती एकमेकांची नक्कल करून लिहिली जातात याचा तोच पुरावा मानावा. न्यू जर्सीतले मराठी आईवडीलही इतर डझनभर फॉर्मांच्या गठ्ठ्यात यावर सही करून मोकळे होतात. चांगली धोरणे थोडी असतात. त्यांत मनाई कमी आणि कार्यपद्धती जास्त असते. चुकून नको ते पान उघडले तर कुणाला सांगायचे, अडवलेले उपयुक्त संकेतस्थळ किती दिवसांत खुले होईल, शिक्षा करण्यापूर्वी मुलाचे म्हणणे कोण ऐकेल, हे त्यांत लिहिलेले असते.

फिल्टरचे काम बहुतांशी याद्यांवर चालते. कंपनी लाखो संकेतस्थळांना ‘जुगार’, ‘हिंसा’, ‘समाजमाध्यमे’ असे वर्ग देते आणि शाळेचा संगणक विभाग कोणते वर्ग बंद ठेवायचे ते ठरवतो. बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध झाल्यावर फिल्टरला पत्ता दिसतो, पानावरचे काही दिसत नाही. म्हणून अनेक शाळा आपल्या यंत्रांवर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून वाहतूक मध्येच उलगडून पाहतात. मुले व्हीपीएन आणि प्रॉक्सीच्या वाटा शोधतात, ते जमले नाही तर खिशातला फोन काढतात, आणि फोनच्या डेटावर शाळेच्या फिल्टरची मात्रा चालत नाही.

वर्ग पाडण्याचे हे काम वाटते तितके तटस्थ नसते. मिसुरी राज्यातील कॅमडेंटन स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) फिल्टरने समलिंगी व्यक्तींना आधार देणारी संकेतस्थळे ‘लैंगिकता’ या वर्गात टाकून अडवली होती. समलैंगिकतेला विरोध करणारी संकेतस्थळे ‘धर्म’ या वर्गात असल्याने खुली होती. पीफ्लॅग आणि इतर संस्थांनी दावा लावला. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्रीय न्यायालयाने हा मतांवरून केलेला भेदभाव असल्याचे म्हणत मनाई हुकूम दिला, आणि पुढे समझोत्यात डिस्ट्रिक्टने सव्वा लाख डॉलर मोजले. सीपाने यातले काहीही मागितले नव्हते. ई-रेटचे नियम ठरवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननेही २०११ मध्ये स्पष्ट केले की फेसबुकसारखी समाजमाध्यमे केवळ समाजमाध्यमे आहेत म्हणून ‘हानिकारक’ ठरत नाहीत. तरीही ‘सीपामुळे बंद आहे’ हे उत्तर शिक्षकांना सर्रास मिळत राहिले. दुसऱ्या कुणी घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कायद्यावर ढकलणे सोयीचे असते.

अडवण्याबरोबर शिकवणेही हवे, हे कायद्यात उशिरा आले. ऑक्टोबर २००८ च्या ‘प्रोटेक्टिंग चिल्ड्रन इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ॲक्ट’ने ई-रेट घेणाऱ्या शाळांवर आणखी एक अट घातली : समाजमाध्यमे आणि चॅटरूममध्ये इतरांशी कसे वागावे, ऑनलाइन छळ म्हणजे काय आणि तो झाल्यास काय करावे, याचे शिक्षण मुलांना द्यावे. ही अट जुलै २०१२ पासून लागू झाली. किती तास शिकवायचे, कोणी शिकवायचे, हे सांगितलेले नाही. त्यामुळे काही ठिकाणी ग्रंथपाल वर्षभर चालणारा अभ्यासक्रम राबवतात, तर काही ठिकाणी एका सभेत एक व्हिडिओ दाखवून विषय मिटतो.

सर्वांत अवघड प्रश्न पाळतीचा. मुलांच्या ऑनलाइन वापरावर लक्ष ठेवण्याची तरतूद शाळेच्या धोरणात असावी, असे सीपा म्हणतो. पण कुणाही ओळखता येणाऱ्या व्यक्तीच्या वापराचा माग काढणे या कायद्याने आवश्यक ठरत नाही, असा खुलासाही त्याच कायद्यात आहे. शिक्षकाने वर्गात फिरून पडद्याकडे पाहणे पुरेसे मानता येईल, अशा काळातले हे शब्द. फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन स्कूल डिस्ट्रिक्टने आपल्या हायस्कूलमधील सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेलेले यंत्र शोधण्याची सोय म्हणून त्यांतला कॅमेरा दुरून चालू करता येत असे, आणि घरी असलेल्या मुलांची छायाचित्रे त्यातून टिपली गेल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. प्रकरण ६ लाख १० हजार डॉलर देऊन मिटले. पुढे कोविडकाळात घरोघरी शाळेची यंत्रे गेली आणि गॅगल, गोगार्डियन, सेक्युर्ली यांसारख्या सेवांचा वापर फोफावला. मुलाने लिहिलेल्या दस्तऐवजात आत्महत्येचा किंवा हिंसेचा उल्लेख आला की या सेवा शाळेला सूचना धाडतात. अशी सूचना वेळेवर मिळून एखादे मूल वाचू शकते. तशीच ती एखाद्याच्या कवितेमुळेही येऊ शकते, आणि मग मुले शाळेच्या खात्यात मनातले लिहिणे सोडतात.

भारतात सवलतीला जोडलेला असा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि वर्तनावर नजर ठेवण्यास मनाई केली आहे, परंतु नोव्हेंबर २०२५ मधील नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती त्यातून सूट दिली. अमेरिकेतील शाळांचा अनुभव इथे उपयोगी पडावा तो या सुटीची हद्द आखताना.

शाळेची भिंत संपते कुठे, हा वाद अमेरिकेत अजून चालू आहे. पेनसिल्व्हेनियातील महानॉय डिस्ट्रिक्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले, की विद्यार्थिनीने शाळेबाहेर, सुटीच्या दिवशी स्नॅपचॅटवर टाकलेल्या शिवराळ संदेशाबद्दल तिला चिअरलीडिंगच्या संघातून वर्षभर बाहेर ठेवणे चूक होते. मात्र गंभीर छळ वा धमक्यांच्या बाबतीत शाळेचे हात पूर्ण बांधलेले नाहीत. ई-रेटचा पैसाही शाळेच्या आवारातच राहावा की घरी इंटरनेट नसलेल्या मुलापर्यंत जावा, यावर कमिशनने उलटसुलट निर्णय घेतले. २०२३ मध्ये शाळेच्या बसमधील वाय-फायला आणि जुलै २०२४ मध्ये मुलांना घरी न्यायला मिळणाऱ्या हॉटस्पॉटना निधी मंजूर झाला. योजनेमागचा निधीच घटनाबाह्य असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळला, पण सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशनने बस आणि हॉटस्पॉट या दोन्ही सवलती काढून घेतल्या.