आपण खेळलो ते मैदान

स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या आठवणी’ लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा लिहायला बसलो आणि लक्षात आले, की माझ्या निम्म्या आठवणी शाळेच्या इमारतीतल्या नाहीतच. आपल्या शाळेला मैदान नव्हते. गिरगावातल्या बहुतेक शाळांना नव्हते. प्रार्थना मधल्या चौकात व्हायची, कवायत गच्चीवर. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पी.टी.चे सर शिट्टी वाजवत आपल्याला दोन-दोनच्या रांगेत घेऊन निघायचे. चिराबाजार, धोबीतलाव, मेट्रो सिनेमा आणि मग समोर एकदम मोकळे आभाळ. स्टंप कोणी उचलायचे यावरून जाताना भांडण आणि येताना कोणी उचलायचे नाहीत यावरून भांडण, हे सगळ्यांना आठवत असेलच.

त्या वयात मैदान आहे म्हणजे आहे, एवढेच आपल्याला माहीत होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे चारही तुकडे एकाच मोठ्या मोकळ्या पट्ट्याचे आहेत, त्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत आणि तो राहावा म्हणून वेळोवेळी माणसे भांडली आहेत, हे मला निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले. इतिहासाच्या बाई आज असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘उशिरा का होईना, अभ्यास केलास!’ म्हणून हा लेख.

या मैदानाच्या जन्मात मराठ्यांचा हात आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. आता पाळी आपली, अशी धास्ती त्यांनी घेतली. किल्ल्याभोवती खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. तटावरच्या तोफांना समोरचे स्पष्ट दिसले पाहिजे, शत्रूला आडोसा मिळता कामा नये, म्हणून तटाबाहेरची घरे आणि माडांच्या वाड्या हटवण्यात आल्या. पुढे ही मोकळी जागा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, बराच भाग जळाला. त्यानंतर देशी वस्ती मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे, उत्तरेला जोमाने वाढली. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव ही आपली वस्ती अशी फुगत गेली. म्हणजे आपण दाटीवाटीत का राहिलो आणि समोर मैदान का उरले, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकच आहे.

तोफांसाठी राखलेली जागा लोकांसाठी कशी राहिली, हा पुढचा भाग. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैसा खेळत होता. तट निरुपयोगी झाले होते. ते पाडण्यासाठी फ्रिअर यांनी एक समिती नेमली, तिचे नावच ‘रॅम्पार्ट रिमूव्हल कमिटी’, तटबंदी हटवणारी समिती. जेम्स ट्रबशॉ हे तिचे वास्तुरचनाकार. तट पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय करायचे, हा या समितीपुढचा खरा प्रश्न होता. सगळे भूखंड पाडून विकले असते तर तिजोरी भरली असती. समितीने काही भूखंड विकले, रस्ते आखले आणि सार्वजनिक इमारतींची एक रांग पश्चिमेकडे तोंड करून उभी करायचे ठरवले. जुने सचिवालय १८७४ मध्ये उभे राहिले, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय १८७८ मध्ये. त्या इमारतींसमोर समुद्रापर्यंत मोकळी जागा राहिली. तीच ओव्हल.

१८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या, पण तोवर आखणी कागदावर उतरली होती. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पैसा येतो-जातो, कागदावर हिरवी दाखवलेली जागा मात्र शंभर वर्षे टिकू शकते. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या ज्या इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत ओव्हलच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती आहेत. मधले मैदान नसते तर त्या एकमेकींना दिसल्याच नसत्या.

मैदान राहिले, पण त्यावर खेळायचे कोणी? हे भांडण तर फारच रंगतदार आहे. पारशी मुलांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हिंदूंचा पहिला क्लब १८६६ चा. ही सगळी मंडळी आजच्या आझाद मैदानाच्या भागात खेळत. १८७५ मध्ये युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना निघाला आणि त्याला मैदानाच्या दक्षिण टोकाची उत्तम जागा मिळाली. तिथे देशी माणसाला सभासदत्व नव्हते. तेवढ्यावर भागले नाही. साहेब लोक देशी मुलांच्या वाट्याच्या मैदानावर घोडे घालून पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडायची, की दुसऱ्या दिवशी चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. उखडलेल्या पिचवर आपण सगळेच खेळलो आहोत, त्यामुळे त्या मुलांचे दुःख वेगळे सांगायला नको.

१८८१ साली या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. त्यावर शेकडो सह्या होत्या, पारशी, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या. युक्तिवाद साधा होता : पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो, मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचा व्यायाम का बंद व्हावा? सरकारने आधी पोलोवाल्यांना कूपरेजकडे जायला सांगितले. मग जिमखान्याने वजन वापरले आणि घोडे परत आले. पुन्हा अर्ज, पुन्हा वर्तमानपत्रांतून पत्रे. या लढ्याची हकिगत शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूने १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती कळते. लिहून ठेवणारा एक जण प्रत्येक लढ्यात असावा लागतो.

पुढे तोडगा निघाला तो निराळाच. समुद्र हटवून तयार केलेल्या केनेडी सी-फेसच्या जमिनीवर पारशी, मुसलमान आणि हिंदू यांना वेगवेगळ्या जिमखान्यांसाठी जागा मिळाल्या. आपल्या ओळखीचा हिंदू जिमखाना १८९४ चा. लॉर्ड हॅरिस तेव्हा गव्हर्नर होते, त्यांच्याच नावाची हॅरिस शील्ड पुढे शाळाशाळांतून खेळली जाऊ लागली. १९८८ मध्ये याच स्पर्धेत, याच आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली.

जिमखाने मिळाले ही जीत खरी, पण अर्धीच. मैदानाची वाटणी धर्मवार झाली आणि मोकळ्या जागेला कुंपण पडले. सभासद आत, बाकीचे बाहेर. ‘मैदान वाचले’ आणि ‘मैदान सर्वांना खुले राहिले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या इतिहासातून शिकायला मिळाले. आपण शनिवारी खेळायचो ती जागा कुठल्याच क्लबची नव्हती, उरलेली होती. त्या उरलेल्या जागेवर आपले बालपण गेले.

अलीकडच्या काळातही हा प्रश्न संपलेला नाही. ओव्हलची दुर्दशा झाली होती तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी न्यायालयात जाऊन १९९० च्या दशकात तिच्या देखभालीचा मार्ग काढला. क्रॉस मैदानाच्या कचऱ्याने भरलेल्या एका टोकाला नागरिकांच्या प्रयत्नातून बाग झाली, मोठा चरखा उभा राहिला. मेट्रो ३ च्या कामासाठी आझाद मैदानाचा काही भाग कित्येक वर्षे पत्र्याआड गेला होता.

आता आपल्या घरची गोष्ट. शाळेच्या मागे बोळ ओलांडल्यावर लाकडाची वखार होती, आठवते? चेंडू तिथे गेला की ‘गेला’ म्हणायचे. १९८१ ते २००१ च्या विकास आराखड्यात त्या जागेवर खेळाच्या मैदानाचे आरक्षण होते. हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. कायदा असा आहे, की आरक्षण पडून दहा वर्षे उलटली आणि जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण रद्द होते. तसेच झाले. आज तिथे उंच इमारत आहे आणि तळात गाड्या लागतात. मालकाने कायद्यातच केले, मुदतही कायद्यातच उलटली. त्या दहा वर्षांत शाळेने, पालकांनी, आपण माजी विद्यार्थ्यांनी ‘ही जागा घ्या’ म्हणून एक ओळीचे पत्र लिहिले नाही. १८८१ च्या त्या मुलांनी परक्या सरकारला अर्ज केला होता. आपल्याला आपल्याच पालिकेला पत्र लिहायचे सुचले नाही. ही चूक मी माझ्याही नावावर लिहून घेतो.

दुसरी संधी २०१५ मध्ये आली. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यातल्या चुकांवरून गदारोळ उठला, तो मसुदा मागे घेतला गेला आणि २०१६ मध्ये सुधारलेला आला. या वेळी आपल्या तुकडीतले आम्ही चौघे नकाशा पाहायला गेलो. शाळेच्या कोपऱ्यावरची छोटी बाग, जिथे मधल्या सुट्टीत आपण डबा खायचो, ती नकाशात बाग म्हणून दिसत नव्हती. आम्ही हरकत नोंदवली. सोबत बागेचे फोटो जोडले आणि शाळेच्या जुन्या वार्षिक अंकातला एक फोटो, ज्यात आपली सातवीची मुले त्याच झाडाखाली बसली आहेत. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे बोलावणे आले. एवढ्या मोठ्या शहराच्या हजारो हरकती, आमच्या वाट्याला पाच मिनिटे. एका सदस्यांनी फोटो हातात घेऊन विचारले, ‘यातले तुम्ही कोण?’ मी दाखवले. ते हसले, काही टिपून घेतले आणि पुढचा क्रमांक पुकारला गेला.

२०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. नकाशात आमचा कोपरा हिरवा होता. आमच्या हरकतीमुळे झाला की एरवीही झाला असता, हे सांगता येणार नाही. पण त्या दिवशी आम्ही चौघांनी तिथल्या बाकावर बसून वडापाव खाल्ला, एवढे खरे.

मित्रहो, एक कबुली द्यायची राहिली. त्या बागेला दुपारी कुलूप असते. शाळेची मधली सुट्टी नेमकी तेव्हाच. म्हणजे जागा वाचली, पण मुलांना ती अजून मिळालेली नाही. शनिवारची मैदानाची फेरीही रस्त्यावरच्या रहदारीमुळे बंद झाली आहे, असे शाळेत गेलो तेव्हा बाईंनी सांगितले. आज आपल्या शाळेतला सातवीचा मुलगा आठवडाभर मोकळ्या मातीवर पाय ठेवत नाही.

यासाठी पैशांपेक्षा माणसे लागणार आहेत. बागेची वेळ बदलून घेण्यासाठी विभाग कार्यालयात पाठपुरावा करणारे दोघे, शनिवारी मुलांना रस्ता ओलांडून मैदानावर नेणारे चौघे आणि आराखड्यात काही बदल निघतो का यावर लक्ष ठेवणारा एक. मी या शेवटच्या कामाला नाव दिले आहे. मेळाव्याच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर वही ठेवलेली असेल. जेवायला जाण्याआधी तिच्यात आपले नाव लिहा. स्टंप मात्र या वेळी आळीपाळीने उचलू.