कॉम्पॅक्ट फिल्म कॅमेऱ्यातील अंगभूत फ्लॅश

अंगभूत फ्लॅश म्हणजे ३५ मिमी फिल्म वापरणाऱ्या लहान कॅमेऱ्याच्या सांगाड्यातच बसवलेला विजेचा चमकदिवा होय. कोनिशिरोकू या जपानी कंपनीचा १९७५ मधील कोनिका सी३५ ईएफ हा असा फ्लॅश असलेला पहिला ३५ मिमी कॉम्पॅक्ट कॅमेरा मानला जातो. जपानमध्ये तो ‘पिक्कारी’ या टोपणनावाने ओळखला जाई. भारतात यशिका एमएफ-२ सुपर, कोडॅक केबी १० यांसारख्या कॅमेऱ्यांमुळे ही सोय मध्यमवर्गीय घरांत पोहोचली आणि बारसे, हळद, डोहाळजेवण यांची छायाचित्रे घरच्या माणसांनाच काढता येऊ लागली.

कार्यपद्धती

दोन पेन्सिल सेलांचा ३ व्होल्ट दाब आतील मंडल व रोहित्र यांच्या साहाय्याने सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वाढवला जातो आणि विद्युतभार धारित्रात (कपॅसिटरमध्ये) साठतो. कॅमेरा कानाशी धरल्यास ऐकू येणारी बारीक शिट्टी याच क्रियेची. शटर उघडताच काही हजार व्होल्टचा झटका झेनॉन वायूच्या नळीस मिळतो व सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास प्रखर प्रकाश पडतो. तयारीचा दिवा लागण्याआधी घाई केल्यास प्रकाश अपुरा पडतो. सेल उतरले की ही प्रतीक्षा लांबते. म्हणून लग्नघरी नवे सेल सोबत असणे इष्ट. ३६ चित्रांचा रोल धुऊन आल्याशिवाय चूक कळत नाही, आणि तोपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात.

पल्ला

अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. फ्लॅशची शक्ती गाइड नंबरने सांगतात. त्यास अॅपर्चरच्या अंकाने भागले असता मीटरमधील अंतर मिळते. गाइड नंबर १० असल्यास एफ/४ वर १०० आयएसओ फिल्मसाठी हे अंतर अडीच मीटर, तर ४०० आयएसओसाठी पाच मीटर होते. सभागृहाच्या मागच्या रांगेतून व्यासपीठावर मारलेला फ्लॅश म्हणजे सेलांचा निव्वळ अपव्यय होय.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत (गड्डा यात्रा) याची पुरेपूर प्रचिती येते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेत मानकरी पांढरी बाराबंदी घालून उंच नंदीध्वज पेलतात. सायंकाळी एका मीटरवरून फ्लॅश वापरल्यास बाराबंदीचा पांढरा रंग इतका फटफटीत उमटतो की तिच्या घड्याही दिसत नाहीत, मागची मिरवणूक मात्र काळोखात बुडते. दोन-अडीच मीटरवर उभे राहणे व नंदीध्वजाचे टोक चित्रात आणण्याचा मोह टाळणे हा यावर उपाय. ते टोक फ्लॅशच्या आवाक्याबाहेर असते. होम मैदानावरील शोभेच्या दारूकामासाठी फ्लॅश बंदच ठेवावा. त्याने आकाश उजळत नाही, पुढच्या प्रेक्षकांची डोकी तेवढी पांढरी होतात. तिथे तिवईवर ठेवून शटर काही सेकंद उघडे राहील असा कॅमेरा लागतो.

उलट भर दुपारी फ्लॅश अनावश्यक वाटला, तरी फेट्याच्या सावलीत गेलेला चेहरा तो दीड-दोन मीटरवरून किंचित उजळतो. ही युक्ती फार थोडे लोक वापरतात.

नेहमीचे दोष

फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्याने प्रकाश डोळ्यांच्या आतील पडद्यावरून थेट परततो व बुबुळे तांबडी दिसतात. खोलीतील इतर दिवे लावल्यास बाहुल्या आकसतात आणि दोष कमी होतो. देवघरातील काचेच्या तसबिरी किंवा कपाटाचा आरसा यांच्यासमोर थोडे तिरके उभे राहावे, अन्यथा मधोमध पांढरा ठिपका येतो. फ्लॅशवर आलेले बोट ही सर्वांत सामान्य चूक; व्ह्यूफाइंडरमधून ते दिसत नाही.

हाताळणी व सुरक्षितता

कॅमेरा अनेक महिने वापरायचा नसल्यास सेल काढून ठेवावेत. ते पाझरल्यास पट्ट्या गंजतात. हिरवट-पांढरा थर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसता येतो. बंद पडलेला कॅमेरा घरी उघडू नये: सेल काढल्यानंतरही धारित्रात बराच काळ भार राहतो आणि त्याचा धक्का गंभीर इजा करू शकतो. जुने कॅमेरे मुलांना खेळायला देताना हे विशेष लक्षात घ्यावे.