गुणांचं गणित

अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींत विजेतेपद कोणाला द्यायचं, हा प्रश्न शर्यतीइतकाच चुरशीचा ठरत आला आहे. सुरुवातीच्या काळात गुण बक्षिसाच्या रकमेला बांधलेले होते. 1974 मध्ये तर जिंकलेली रक्कम गुणिले भाग घेतलेल्या शर्यती, भागिले हजार, असं सूत्र होतं. मोठ्या बक्षिसाच्या एकाच शर्यतीनं तक्ता पार बदलून जाई.

1975 मध्ये बॉब लॅटफर्ड यांनी रचलेली पद्धत आली आणि ती 2003 पर्यंत टिकली. पहिल्याला 175, दुसऱ्याला 170. सहाव्यापर्यंत पाच-पाच गुणांची घट, पुढे चार, मग तीन. एक फेरी आघाडीवर राहिलं तरी पाच गुण जादा. प्रत्येक शर्यतीला सारखंच मोल होतं, त्यामुळे चालकांनी हंगामभर हजर राहणं फायद्याचं ठरलं. आयोजकांची गरज ओळखणारी ही रचना खरोखर हुशारीची होती.

पण तिनं जिंकण्याची किंमत कमी केली. 2003 मध्ये मॅट केन्सेथ एकाच विजयावर अजिंक्य ठरला. आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा आला. पुढच्याच वर्षी विजेतेपद ठरवणारा शेवटच्या दहा शर्यतींचा ‘चेस’ सुरू झाला.

2011 मध्ये टोनी स्ट्युअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स 2403 गुणांवर बरोबरीत थांबले. स्ट्युअर्टचे पाच विजय, एडवर्ड्सचा एक. जास्त विजयांमुळे करंडक स्ट्युअर्टला मिळाला. संगणकावरच्या आभासी शर्यतींच्या आयरेसिंग मालिकेचे नियम लिहिणाऱ्यांसमोरही सातत्य आणि विजय यांचं प्रमाण ठरवण्याचं हेच काम असतं.