उन्हाळ्यात उजनीच्या बेटांवर सुरयाची अंडी : दौंड-शिरूरच्या नदीकाठी एप्रिल-मेमध्ये कोणते पक्षी दिसतात

दौंड / शिरूर : मार्च सरला, पट्टकादंब हंस हिमालयापलीकडे निघून गेले की भिगवण परिसरातला पक्ष्यांचा सीझन संपला, असं सगळेच धरून चालतात. पुण्या-मुंबईच्या गाड्या कमी होतात, होड्या काठाला लागतात. पण भीमेवर स्वतःचा संसार असलेले पक्षी याच वेळी कामाला लागतात. एप्रिल-मेच्या तळपत्या उन्हात, उघड्या रेतीवर ते अंडी घालतात. हिवाळ्यातल्या पाहुण्यांच्या बातम्या दरवर्षी छापून येतात, घरच्यांकडे मात्र कोणी फारसं बघत नाही.

समुद्र सह्याद्रीपलीकडे असला तरी सुरय आणि कुरव हे समुद्रकाठी दिसणारे पक्षी दौंड तालुक्याच्या पूर्व टोकाला रोज पाहायला मिळतात. कारण अर्थातच उजनी. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचं बॅकवॉटर भीमेच्या पात्रातून दौंड तालुक्यापर्यंत मागे येतं. खानोटा, राजेगाव, वाटलूज, मलठण (दौंडचं, शिरूरचं नव्हे), हिंगणी बेर्डी ही गावं या पाण्याच्या काठावर आहेत. पुढे इंदापूर तालुक्यात डिकसळ, कुंभारगाव आणि पलीकडच्या तीरावर करमाळा, कर्जत. वाऱ्याच्या दिवशी इथल्या लाटा पाहिल्या तर नवख्या माणसाला हे धरण वाटत नाही.

पाणी उतरतं, बेटं वर येतात

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. मोटारी पुढे सरकवाव्या लागतात, पाइप वाढवावे लागतात. त्याच वेळी पाण्याखालची गाळपेर जमीन, जुने बांध, रेतीचे उंचवटे उघडे पडतात. पळसदेवचं जुनं मंदिर ज्या वर्षी पूर्ण दिसायला लागतं, त्या वर्षी बेटंही भरपूर असतात.

उथळ चिखल वाढल्यामुळे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बरेचदा उन्हाळ्यातच जास्त संख्येने दिसतात. पाणी फार खोल असेल तर त्यांना चोच उलटी घालून खाणं गाळता येत नाही, म्हणून धरण उशिरापर्यंत भरलेलं असलं की ते उशिरा येतात. हे पक्षी सायबेरियातून येतात असं दरवर्षी कुठेतरी छापून येतं, ते बरोबर नाही. भारतातली त्यांची मोठी वीण गुजरातमध्ये कच्छच्या रणात होते आणि पावसाळा लागला की ते तिकडे सरकतात. उजनीवर ते फक्त खायला येतात, घरटी करत नाहीत.

घरटी करतो तो नदी सुरय. पिवळीजर्द चोच, विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी, राखाडी पाठ, तांबडे पाय आणि लांब दुभंगलेली शेपटी. पाण्यावर घिरट्या घालता घालता एकदम सूर मारतो आणि चोचीत चिलापीचं पिल्लू घेऊन वर येतो. एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही. जगभरातल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे, कारण मोठ्या नद्यांमधली शांत वाळूची बेटं सगळीकडेच कमी होत चालली आहेत.

त्याचं घरटं म्हणजे रेतीत पायाने उकरलेला उथळ खळगा, बस. काडी नाही, गवत नाही. त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, रंग असा की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नर-मादी आळीपाळीने बसतात, साधारण तीन आठवडे. उन्हाळ्यात अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवणं हे मोठं काम असतं. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रेती हाताला चटका देते. अशा वेळी पक्षी पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात. टिटवीही हेच करते.

म्हणूनच बेटावर माणूस उतरणं ही साधी गोष्ट नाही. होडी टेकली की सगळी वसाहत ओरडत हवेत उठते. फोटो काढणाऱ्याला ते दृश्य फार छान वाटतं. पण खाली अंडी उघडी पडलेली असतात आणि दुपारच्या उन्हात थोड्या वेळातच आतलं पिल्लू भाजून मरू शकतं. कावळे आणि घारी तर टपलेल्याच असतात. अंड्यांवर पाय पडतो तो वेगळाच. बेट लांबून, होडीतूनच पाहावं आणि पक्षी डोक्यावर येऊन ओरडायला लागले की मागे फिरावं, हा नियम नावाड्यांनीच पर्यटकांना सांगितला तर जास्त ऐकला जाईल.

माणूस नाही आला तरी संकटं आहेतच. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री आणि जनावरं थेट चालत जातात. वाळूउपसा हा तर भीमाकाठचा जुना आजार. बोटी लावून रेती काढली की उंचवटाच शिल्लक राहत नाही, उरतो तो चिखल आणि खड्डे. महसूल विभाग अधूनमधून बोटी फोडतो, त्याच्या बातम्या होतात, आणि काही दिवसांनी पुन्हा यंत्राचा आवाज येतो. जूनमध्ये दौंडमधून उजनीत येणारा विसर्ग वाढला की उशिरा घातलेली अंडी पाण्याखाली जातात. हे शेवटचं निसर्गाचं आहे, त्याला इलाज नाही. आधीची दोन मात्र गावाच्या हातात आहेत.

सुरयांच्या शेजारी छोटा आर्ली हा चिमणीपेक्षा थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा पक्षीही जमिनीवर अंडी घालतो. संध्याकाळी पाण्यावर पाकोळीसारखे किडे पकडणारे थवे दिसले तर ते बहुधा हेच. पोट पूर्ण काळं असलेला सुरय एप्रिलमध्ये दिसला तर घाई करू नये. हिवाळी पाहुणा असलेला कल्ला सुरयही परतीच्या आधी पोटाने काळा होतो, पण त्याची चोच गडद लाल असते आणि शेपटी आखूड. खरा काळ्या पोटाचा सुरय, नारिंगी-पिवळ्या चोचीचा आणि लांब शेपटीचा, आता देशभर फार विरळ झाला आहे. तो दिसला तर फोटो आणि जागा नक्की नोंदवावी.

भादलवाडीचे चित्रबलाक

दौंडकरांना जवळ असलेलं आणखी एक ठिकाण म्हणजे भिगवणजवळचा भादलवाडी तलाव. तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते. झाडाभोवती पाणी असेपर्यंत पिल्लांना कुत्र्या-मांजरांची भीती नसते. तलाव कोरडा पडला की वीण बिघडते, दुष्काळी वर्षांत पक्षी फिरकतही नाहीत. इथे बांधावर उभं राहूनच सगळं दिसतं, झाडाजवळ जायची गरज नाही.

शिरूरकडे : घोड, भीमा आणि चिंचोलीचे मोर

शिरूरला उजनी नाही, पण नद्यांची कमी नाही. घोडनदीचं पात्र, चिंचणीचं घोड धरण, आणि रांजणगाव सांडस-वाळकी इथला भीमा व मुळा-मुठेचा संगम. संगमाकडे पुण्याचं सांडपाणी आणि जलपर्णी यांचा त्रास आहे, वासही येतो. तरी शेकाट्या, काळा शराटी, हळदी-कुंकू बदक तिथे दिसतात. हे बदक बाराही महिने इथलंच. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे लाल ठिपके, म्हणून हे नाव पडलं.

नदीच्या उभ्या मातीच्या कडांमध्ये बिळं दिसली तर ती वेड्या राघूची असू शकतात. मार्च ते जूनमध्ये तो आत अंडी घालतो. कवड्या खंड्याही असाच दरडीत राहतो. मातीसाठी किंवा वाळूसाठी ही कड जेसीबीने ओढली तर पूर्ण वसाहत एका दिवसात जाते, आणि कोणाला कळतही नाही.

टिटवीची अंडी पात्रात किती उंचावर आहेत यावरून पावसाचा अंदाज बांधायची पद्धत गावोगाव आहे. उंचावर घातली तर पाऊस जास्त, खाली घातली तर कमी. ऐकायला चांगलं, पण पेरणीचा निर्णय हवामान खात्याच्या अंदाजावर घेतलेला बरा. टिटवीला स्वतःलाही दरवेळी साधत नाही. बंधारे भरायला नदीत आवर्तन सोडलं की पात्रातली तिची अंडी वाहून जातात. माळरानावर पिवळ्या गलोलीची माळटिटवी आणि तुरुतुरु पळणारा धाविक हेही याच दिवसांत जमिनीवर अंडी घालतात. दौंडला लागून असलेल्या सुपे इथल्या मयूरेश्वर अभयारण्यात ते शोधावेत. बारामती तालुक्यातलं हे अभयारण्य १९९७ मध्ये झालं, पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं आणि ओळखलं जातं चिंकारांसाठी. सकाळी पाणवठ्यावर पखुर्डीचे थवे उतरतात. नर छातीची पिसं पाण्यात भिजवतो आणि उडत जाऊन पिल्लांना ते पाणी पाजतो.

मोराची चिंचोली सगळ्यांना माहीत आहे. मे-जूनमध्ये नराचा पिसारा पूर्ण वाढलेला असतो, पाऊस ओसरल्यावर तो गळतो. तेव्हा पिसारा पाहायचा तर वळवाच्या दिवसांत जावं. शेताच्या कडेला पाण्याची थाळी ठेवली तर मोर येतातच, फक्त ती रोज घासून भरावी. बियाण्याला लावलेल्या औषधाने मोर दगावल्याच्या घटना राज्यात अनेकदा घडल्या आहेत, त्यामुळे प्रक्रिया केलेलं बी बांधावर सांडू देऊ नये.

मेच्या अखेरीस पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत दिवसभर ओरडतो. पाठोपाठ चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे दाखल होणारा. गायबगळ्याची मान आणि डोकं नारिंगी झालेलं याच वेळी दिसतं.

कधी जावं, काय काळजी घ्यावी

सकाळी सहा ते नऊ ही वेळ उत्तम. त्यानंतर उजेड पांढरा पडतो, पक्षी सावलीला जातात आणि माणसालाही ऊन बाधतं. शिरूर तालुक्यात उसाच्या कडेने अंधारात एकट्याने जाऊ नये, बिबट्याचा वावर आहे. दोघं-तिघं मिळून, उजाडल्यावर निघावं.

होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला, ते पाणी हेच. वळवाचे ढग दुपारनंतर जमतात आणि वारा काही मिनिटांत फिरतो. म्हणून होडीचा फेरा सकाळीच उरकावा.

दुर्बीण नसली तरी चालतं. मोबाइलमध्ये 'मर्लिन' हे मोफत अॅप आवाजावरून आणि फोटोवरून पक्षी ओळखायला मदत करतं. नदीकाठी रेंज जाते, त्यामुळे भारताचा पॅक घरूनच उतरवून घ्यावा. नोंदी 'ई-बर्ड'वर टाकता येतात. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल अशाच सामान्य लोकांच्या नोंदींवर उभा राहिला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. घरट्यांची नेमकी जागा मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' वाचनालयात मिळाला तर चाळावा.

अंडी उचलणं, घरटं मोडणं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीतच मोडतं. जखमी पक्षी, जाळ्यात अडकलेला बगळा किंवा बेटावर चाललेला धुडगूस दिसला तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावं. तुटलेलं नायलॉनचं जाळं पाण्यात सोडून देऊ नये, एवढं मच्छीमारांनी पाळलं तरी बरेच पाणकावळे वाचतील.