बंदुकीचा गज : नळीच्या निगेतील एका साधनाचा इतिहास

प्रस्तावना :
शस्त्रांच्या इतिहासात नळी, काडतूस आणि माऱ्याचा पल्ला यांची चर्चा विपुल आढळते. परंतु नळी स्वच्छ ठेवणाऱ्या साधनाची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः गज कोणता असावा, किंबहुना तो सैनिकाजवळ असावा की नाही, हा प्रश्न सैन्यांपुढे वारंवार उभा राहिला आणि त्याकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत सैनिकांना प्राणांनी मोजावी लागली. प्रस्तुत लेखात ब्रिटिश व अमेरिकन सैन्यांच्या अनुभवाच्या आधारे या निवडीचा आढावा घेतला आहे.

भरणीचा गज, सफाईचा गज :
ठासणीच्या बंदुकीत गज हा मुळात भरणीचा अवयव होता. लाकडी गज लढाईच्या धांदलीत मोडे आणि तो मोडला की बंदूक निरुपयोगी ठरे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या सैन्याने लोखंडी गज स्वीकारला, त्यामुळे भरणीचा वेग वाढला. पुढे मागून भरण्याच्या रायफली आल्या. ब्रिटिश सैन्यात १८६६ मध्ये स्नायडर व १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री दाखल झाली. भरणीसाठी गजाची आवश्यकता संपली, तरी नळीखालची त्याची जागा कायम राहिली. आता त्याचे काम काळ्या दारूची काजळी काढण्याचे होते.

१८८८ च्या .३०३ ली-मेटफर्ड रायफलीत काजळी कमी साचावी म्हणून सात उथळ, गोलसर चर ठेवण्यात आले होते. मात्र काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट वापरात येताच त्याच्या प्रखर उष्णतेने हे चर झिजू लागले. म्हणून १८९५ च्या ली-एनफिल्डमध्ये पाच खोल चर स्वीकारले गेले. १८९९ मध्ये रायफलीखालचा गजही वगळण्यात आला.

दोरीचा पर्याय :
गजाची जागा ‘पुल थ्रू’ने घेतली. एका टोकाला पितळी वजन असलेली ही दोरी ब्रीचकडून नळीत सोडायची, फासात फ्लॅनेलची पट्टी अडकवायची आणि मुखाकडून ओढून घ्यायची. तेलाच्या बाटलीसह ती दस्त्यातील कप्प्यात मावत असे. राष्ट्रीय छात्रसेनेत .३०३ रायफलीवर प्रशिक्षण घेतलेल्यांना ‘पुल थ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द परिचित आहेत.

दोरी सुटसुटीत होती, पण निर्दोष नव्हती. ती तिरकी ओढली, तर तिला चिकटलेली रेती मुखाची कड घासून काढी. गोळी नळीतून सुटते ती याच कडेवरून. त्यामुळे कड एका बाजूने झिजली की नेम बिघडतो. शिवाय दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. नळीत काही अडकले, तर ती निरुपयोगी ठरते.

सफाईचे रसायनही दीर्घकाळ नीट उमगलेले नव्हते. तेल लावूनही नळी गंजते, हा सार्वत्रिक अनुभव होता. प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेटपासून उरणारे पोटॅशियम क्लोराइड हे त्याचे कारण असल्याचे १९२२ मध्ये अमेरिकेच्या ‘ब्युरो ऑफ माइन्स’मधील विल्बर्ट हफ यांनी दाखवून दिले. हा क्षार हवेतील ओलावा शोषतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. नळीत उकळते पाणी ओतण्याच्या सैनिकी रिवाजामागील शास्त्र असे स्पष्ट झाले.

व्हिएतनामचा धडा :
१९६० च्या दशकात अमेरिकेने व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफल पाठविली. तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्य पुरेसे पुरविले गेले नाही. त्यातच काडतुसातील दारू बदलण्यात आली, तर चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत चेंबर गंजे आणि रिकामी पुंगळी आत अडकून बसे. अशा वेळी मुखाकडून गज घालून ती ढकलून काढणे हाच तातडीचा उपाय असे. ज्याच्याजवळ गज नव्हता, तो सैनिक ऐन चकमकीत निःशस्त्र ठरे. रायफल अडल्याने सैनिक मारले गेल्याच्या तक्रारी अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोहोचल्या. १९६७ मध्ये प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने या प्रकरणी सैन्याच्या व्यवस्थापनाला कठोर दोष दिला. त्यानंतर चेंबरला मुलामा देण्यात आला, साहित्याचा पुरवठा वाढला आणि १९६८ मध्ये विल आयस्नर यांनी चितारलेली निगेची सचित्र पुस्तिका सैनिकांना देण्यात आली.

निवडीचे निकष :
या अनुभवातून काही निकष हाती येतात. गज नळीच्या व्यासाला साजेसा, सरळ व शक्यतो अखंड असावा. जोडाचा गज नेण्यास सोपा, पण जोडांपाशी वाकून आतील कडा घासणारा असतो. पितळ मऊ असल्याने नळीला ओरखडे पडण्याची भीती कमी. मात्र त्याच मऊपणामुळे त्यात रेतीचे कण रुततात, म्हणून तो वारंवार पुसावा लागतो. गुळगुळीत पोलाद ताठ राहते, परंतु त्याला नळीत मधोमध ठेवणारा मार्गदर्शक हवा. मूठ फिरती असल्यास ब्रश चरांच्या वळणाने जातो. रचना अनुमती देईल तेथे सफाई ब्रीचकडूनच करावी.

समारोप :
दोरी आणि गज यांपैकी कोणतेही एक साधन दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेऊ शकले नाही. दोरीने रोजची निगा राखली, तर अडकलेली पुंगळी काढण्याचे काम गजाचेच राहिले. व्हिएतनाममधील अपयश रायफलीच्या रचनेपुरते मर्यादित नव्हते; निगेला गौण मानणाऱ्या नियोजनाचेही ते अपयश होते. शस्त्र पुरविणाऱ्याने त्याच्या निगेचे साधनही सोबत पुरविले पाहिजे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.