सही, तपासणी आणि वहिवाट : लिनक्स कर्नेलमधील नेटवर्क ड्रायव्हरचा इतिहास

नेटवर्क कार्ड तारेवरून आलेले विद्युत्‌-संकेत ओळखून त्यांची माहितीच्या तुकड्यांत मांडणी करते. ते तुकडे कार्डावरून संगणकाच्या स्मृतीत आणायचे, बाहेर जाणारे तुकडे कार्डाच्या हवाली करायचे आणि कार्डाने हाक दिली की तिची दखल घ्यायची, हे काम ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम करतो. प्रत्येक चिपची अंतर्गत रचना वेगळी, म्हणून प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. लिनक्समध्ये असा ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, सामाईक स्रोतसंहितेत दाखल करून घेण्याची रीत आहे. ही रीत एका दिवसात ठरली नाही. ती सुमारे पंधरा वर्षांत घडत गेली.

लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत प्रसिद्ध केलेल्या पहिल्या कर्नेलमध्ये नेटवर्कची सोयच नव्हती. १९९२ मध्ये रॉस बिरो यांचे काम त्यात आले, पुढे फ्रेड व्हॅन केम्पेन आणि अ‍ॅलन कॉक्स यांनी ते वाढवले. १४ मार्च १९९४ रोजी १.० ही आवृत्ती निघाली तेव्हा लिनक्सचा संगणक इंटरनेटशी बोलू शकत होता. मात्र त्यासाठी बाजारात मिळणारी कार्डे चालायला हवी होती. ही उणीव भरून काढण्यात डोनाल्ड बेकर यांचा वाटा सर्वांत मोठा. नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्रात त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १९९४ मध्ये १६ साधे संगणक स्वस्त इथरनेट कार्डांनी जोडून ‘बेओवुल्फ’ हा संगणकसमूह उभा केला. तो चालण्यासाठी ड्रायव्हर चोख हवेत, म्हणून बेकर एकामागून एक ड्रायव्हर लिहीत गेले.

बेकर यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरांपैकी एक रिअलटेक कंपनीच्या ८१३९ या चिपचा होता. २००० सालाच्या आसपास असेंबल केलेल्या संगणकांत ही स्वस्त चिप सर्रास दिसे. जेफ गार्झिक यांनी बेकर यांच्या कामाच्या आधारे तिचा नवा ड्रायव्हर बांधला. त्याच्या सुरुवातीलाच ओळख-क्रमांकांचा एक तक्ता आहे. पहिल्या ओळीत ‘१०ईसी’ हा रिअलटेकचा क्रमांक आणि त्यापुढे ‘८१३९’ हा चिपचा क्रमांक. पुढच्या ओळींत तीच चिप आपल्या नावाने विकणाऱ्या कंपन्या येतात. त्यांत ‘११८६’ हा डी-लिंकचा क्रमांक आहे. संगणक सुरू होताना कर्नेल कार्डाला त्याचे क्रमांक विचारतो, तक्त्यात जुळणारी ओळ सापडली की ड्रायव्हर कामाला लागतो. ती एक ओळ नसेल, तर चालू स्थितीतले कार्डही निरुपयोगी ठरते. म्हणूनच नव्या कार्डासाठी पुष्कळदा एका ओळीची भरही पुरते, आणि तीही रीतसर दाखल करावी लागते.

सुरुवातीला दाखल करण्याचा रिवाज साधा होता : बदल लिहायचा, टॉरव्हाल्ड्‌स यांच्याकडे पाठवायचा. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपल्या मालकीची संहिता असल्याचा दावा करून न्यायालयात धाव घेतली. कोणती ओळ कोणी आणि कोणत्या हक्काने दिली, हे दाखवता येणे तेव्हापासून निकडीचे झाले. २००४ मध्ये प्रत्येक बदलाखाली सही करण्याचा नियम आला. ही संहिता देण्याचा आपल्याला हक्क आहे आणि ती खुल्या परवान्याखाली दिली आहे, असा त्या सहीचा अर्थ. लेखकाच्या सहीखाली बदल पुढे नेणाऱ्याची सही येते. एप्रिल २००५ मध्ये टॉरव्हाल्ड्‌स यांनी गिट ही नोंदव्यवस्था लिहिली आणि सह्यांसकट तिथून पुढचा सारा इतिहास एका जागी राहू लागला.

ही पद्धत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला अनोळखी वाटू नये. गोंडपिपरी तालुक्यातल्या एखाद्या शेताची खरेदी झाली, की तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुना फेरफार खोडला जात नाही. नव्या नोंदीच्या आधी तो तसाच राहतो. कर्नेलमध्येही ड्रायव्हर पाठवणारा, त्यावर उघडपणे हरकती घेणारे, नेटवर्क विभाग सांभाळणारा मेंटेनर आणि शेवटी टॉरव्हाल्ड्‌स अशी चढती साखळी आहे.

हरकती बहुधा बारीक असतात, पण पोकळ नसतात. उदाहरण आकड्यांच्या मांडणीचे घेता येईल. १ ही संख्या चार बाइटांत लिहिताना इंटेलचा प्रोसेसर १ आधी आणि तीन शून्ये नंतर ठेवतो. उलट क्रमाचे प्रोसेसर तीन शून्ये आधी आणि १ शेवटी ठेवतात. कार्डाने एका क्रमाने लिहिलेला १ दुसऱ्या क्रमाने वाचला, तर त्याचे १,६७,७७,२१६ होतात. लेखकाच्या टेबलावर निर्धोक चाललेला ड्रायव्हर दुसऱ्या यंत्रावर याच कारणाने कोसळतो. आठ अक्षरांचा टॅब, ८० अक्षरांची ओळ असे लेखनाचे नियमही याच हेतूने आहेत : हजारो लोकांनी लिहिलेली संहिता एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसली, तरच दुसऱ्याला तिच्यातली चूक दिसते.

महाराष्ट्राशी जोडलेले यातले ठळक प्रकरण नेटझेन कंपनीच्या कार्डाचे. सँटा क्लारातल्या या कंपनीचे काम पुण्यातही चाले. १ आणि १० गिगाबिट वेगाच्या तिच्या कार्डांचा ड्रायव्हर २००६ मध्ये अमित काळे यांच्या सहीने आला. कर्नेलमधल्या चुका ओळीओळीने शोधणारे केजीडीबी हे साधन काळे पुण्यातून अनेक वर्षे सांभाळत होते. पण कर्नेलमध्ये असे साधन असण्याला टॉरव्हाल्ड्‌स यांचा विरोध होता आणि इतरांनी पुढे नेलेले केजीडीबी २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत आले. नेटझेनच्या ड्रायव्हरला तेवढी वाट पाहावी लागली नाही. नेटवर्क ड्रायव्हरांचे तेव्हाचे मेंटेनर गार्झिक यांनी त्याखाली आपली सही केली आणि ४ फेब्रुवारी २००७ रोजी निघालेल्या २.६.२० मध्ये तो सर्वांच्या हाती आला.

दाखल होणे ही मात्र सुरुवात होती. लगेचच पॉवर प्रोसेसरच्या यंत्रांसाठी दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यानंतर धनंजय फडके यांनी २००८-०९ मध्ये नव्या पिढीच्या चिपची सोय केली आणि जुनी संहिता बरीचशी नव्याने घडवली. २००९ मध्ये क्यूलॉजिकने नेटझेन विकत घेतली आणि याच ड्रायव्हरच्या पायावर पुढच्या कार्डांसाठी वेगळा ड्रायव्हर तयार केला, तो २०१० मध्ये २.६.३४ मध्ये आला. २०११ मध्ये कर्नेलमधले सारे इथरनेट ड्रायव्हर कंपनीवार लावले गेले, तेव्हा नेटझेनची संहिता क्यूलॉजिकच्या कप्प्यात गेली. २०१६ मध्ये कॅव्हियमने क्यूलॉजिक घेतली, २०१८ मध्ये मार्व्हेलने कॅव्हियम.

मालक असे तीनदा बदलले, तरी कार्ड विकत घेतलेल्या माणसाला ड्रायव्हरसाठी कोणाच्या दारी जावे लागले नाही. कंपनीने तो आपल्यापाशीच ठेवला असता, तर कर्नेलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो जुळवून घेणारे कोणी उरले नसते. सामाईक संहितेत असल्यामुळे कर्नेलचा एखादा अंतर्गत नियम बदलणारा माणूसच त्या नियमावर चालणारे सारे ड्रायव्हर, नेटझेनचाही, सुधारून देतो. लेखकाने केलेल्या मेहनतीच्या बदल्यात त्याच्या कामाला मिळणारी ही राखण आहे. मेंटेनरांच्या यादीत नावे बदलत राहतात, वहिवाट पुढच्याकडे जाते, आणि पहिल्या नोंदीखालच्या सह्या जागच्या जागी राहतात.