ढोल गळ्यात कुणी घातला?

कसाऱ्यात यंदा पोरापोरींसाठी ढोल-हलगीचा वर्ग काढायची गोष्ट निघाली आणि आपल्यातच दोन तट पडले. जयंतीच्या मिटिंगला एकजण म्हणाला, डीजेवाल्याच्या बोडक्यावर पैसे ओतण्यापेक्षा आपलीच पोरं वाजवतील. लगेच दुसरा उठला. म्हणाला, बाबासाहेबांनी जे गळ्यातून काढायला लावलं तेच तुम्ही पुन्हा गळ्यात घालता? आज्या-पणज्यांनी गावाच्या दारात वाजवलं ते कमी पडलं काय? मिटिंग तिथंच मोडली.

ह्या दुसऱ्याचा राग खरा आहे. पहिल्याची गरजही खरी आहे. दोघंही आपलेच कार्यकर्ते, दोघांच्याही घरात बाबासाहेबांचा फोटो. म्हणून हा लेख लिहायला घेतला. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. भिवंडीला कापडाच्या गिरणीत साचा चालवतो, पाळी सुटली की मिळेल ते वाचतो. बारा तास धोट्याची खटखट कानात घेणाऱ्याला ठेका म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. ठेका कुणाच्या हुकमानं पडतो, हे मात्र वाचूनच कळतं.

आधी चामड्याची गोष्ट. गावगाड्यात मेलेलं ढोर ओढायचं महारानं. कातडं कमवायचं ढोरानं. जोडे शिवायचे चांभारानं. हलगी शेकून कडक करायची आणि वाजवायची मांगानं. गावोगाव थोडाफार फरक. कुठं डफ महाराकडं, कुठं सनई-सूर होलाराकडं, दवंडी पिटायला कुठं येसकर तर कुठं मांग. पण वाजवणारा गावकुसाबाहेरचा आणि ऐकणारा आतला, ह्यात सहसा फरक नाही. पालखी निघाली की वाजवा. लगीन निघालं की वाजवा. मेलं कुणी की सांगावा घेऊन दहा कोस चालत जा. आणि गंमत बघा, ढोलाचं चामडं देवळात चालायचं, वाजवणारा मात्र पायरीखाली. मेलेलं ढोर देवाजवळ जाऊन पवित्र झालं, जिता माणूस बाटलेलाच राहिला.

हे मी मनाचं सांगत नाही. १९२८ सालच्या जानेवारीत 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक बातमी आली होती. इंदूर जिल्ह्यातल्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी आणि पाटील-पटवाऱ्यांनी मिळून बलाई ह्या अस्पृश्य जातीला हुकूम काढले. बलायांनी जरीकाठी पागोटं बांधायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही. कुणी हिंदू मेला तर त्याच्या नातेवाइकांना, कितीही लांब असोत, बलायांनी कळवायचं. आणि हिंदूंच्या प्रत्येक लग्नात वरातीपुढं बलायांनी वाजवायचं. मोबदला मागायचा नाही, मिळेल ते घ्यायचं. पटत नसेल तर गाव सोडा. बलायांनी नाही म्हटलं. तेव्हा त्यांच्या विहिरी बंद, गुरं चारणं बंद, शेतावर जायच्या वाटा बंद. शेकडो बलाई बायकापोरं घेऊन धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेरच्या हद्दीत निघून गेले. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ही हकीगत घेतली आहे. ते भाषण त्यांना करू दिलं नाही, म्हणून त्यांनी छापलं.

त्या हुकमांची यादी पुन्हा वाचा. पागोटं, धोतर, दागिने नाकारले. आणि वाजवणं लादलं. अंगावरचं चांगलं ते काढून घ्यायचं आणि गळ्यात ढोल अडकवायचा. वाजवणं ही कला आहे असं त्या यादीत कुठंच नाही. ती वेठ आहे.

आपल्याकडं हीच वेठ कायद्यात बसवलेली होती. १८७४ चा वतन कायदा. जमिनीचा एक तुकडा आणि बलुत्याची भाकर, त्याच्या बदल्यात सगळं घराणं रात्रंदिवस गावाच्या आणि सरकारच्या ताब्यात. बाप आजारी पडला तर पोरानं कामावर हजर व्हायचं. बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला सांगितलं, मेलेलं मांस सोडा, उष्टं सोडा. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ते तेव्हा पास झालं नाही. वतन कायद्यानं मोडलं १९५८ साली, म्हणजे धर्मांतरानंतर दोन वर्षांनी. तोवर लोकांनी आपल्या हातानं गावोगाव ते मोडायला घेतलं होतं. ढोर ओढणं बंद, दवंडी बंद, वाजवणं बंद. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला.

आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, बाबा, वाजवणं सोडताना वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, "आरं पोरा, वाजवाया आमी बसत नव्हतो, पोट बसवायचं. ज्या दिशी सोडलं त्या दिशी पयल्यांदा वरात उभ्यानं बघितली." तट पाडणाऱ्या आपल्या दुसऱ्या मित्राच्या रागात हा म्हातारा बोलतोय. त्याला कुणी मागासलेला म्हणू नये.

पण ढोल म्हटला की वेठच, असंही नाही. त्यासाठी लांब जायला नको. कसाऱ्याहून खोडाळ्याच्या वाटेला लागा. ठाकरांच्या वाडीत ढोलकी वाजते, पुढं मोखाडा-जव्हारकडं वारल्यांचा तारपा घुमतो. नाचणाऱ्यांचा फेर त्यांचा, वाजवणारा त्यांच्यातलाच, आणि फेर मध्ये त्यालाच घेऊन फिरतो. आदिवासी सुखात आहे असं मला म्हणायचं नाही. सावकारानं आणि जंगलखात्यानं त्यालाही लुटलं. पण त्याचं वाद्य त्याच्या अंगणात त्याच्यासाठी वाजलं. आपलं वाद्य दुसऱ्याच्या अंगणात वाजलं. लाकूड तेच, चामडं तेच. फरक अंगणाचा.

हे आपल्या आधीच्या पिढीला कळलं होतं. वाजवणं सोडलेल्या ह्याच समाजानं वाजवणं पुन्हा हातात घेतलं, पण आपल्या अंगणात. तेच आंबेडकरी जलसे. नाशिकला २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच धगीत भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे उभे राहिले. त्याआधी सत्यशोधकांनी जलसा काढला होताच. घाट तमाशाचा. ढोलकी, तुणतुणं, झांज तीच. गौळणीतला चावटपणा काढला आणि पाण्याचा प्रश्न, शाळेचा प्रश्न, वतनाचा प्रश्न त्यात घातला. ज्या ढोलकीपुढं पाटील फेटा उडवायचा, त्याच ढोलकीपुढं आता महारवाडा बसून आपली गोष्ट ऐकू लागला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखा, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुने लोक सांगतात. कर्डकांनी ही सगळी हकीगत 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' ह्या पुस्तकात १९७८ साली लिहून ठेवली. आपल्यातल्या किती जणांनी वाचली?

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) त्याच वाटेचे. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी अक्षर शिकले आणि आयुष्यभर गावोगाव गात फिरले. तिकडं १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, आणि वाटेगावच्या मांगवाड्यातल्या पोराचा डफ गिरणगावात घुमला.

ह्यात कसारा कुठं आला? आपलं गाव ह्या वाटेच्या तोंडाशीच आहे. १८६१ साली रेल्वे कसाऱ्याला आली. १८६५ साली थळघाट फोडून इगतपुरीला गेली. सदतीस फुटाला एक फूट चढ, मागून जादा इंजिन लावल्याशिवाय बहुतेक गाड्या चढत नाहीत. नाशिकचा माणूस गिरणीत भरती व्हायला मुंबईला निघाला की ह्याच घाटानं उतरायचा. मजूर ह्या वाटेनं गेला तसं गाणंही ह्याच वाटेनं गेलं. आपण त्या वाटेवर राहतो आणि जयंतीला डीजेची गाडी भाड्यानं आणतो.

आता आजचं बघू. पुण्यात पूर्वी मिरवणुकीत मुळशी-मावळातल्या गावांचे ढोल यायचे. पुढं ज्ञान प्रबोधिनीसारख्या शाळांनी विद्यार्थ्यांची पथकं उभी केली, आणि आज पुणे, ठाणे, डोंबिवली, कल्याण सगळीकडं ढोल-ताशा पथकं आहेत. नाव नोंदवायचं, गणपतीआधी दोन-दोन महिने मैदानावर सराव करायचा. डॉक्टर, इंजिनियर, कॉलेजच्या मुली कमरेला ढोल बांधून उभ्या. २०२४ साली हरित न्यायाधिकरणानं पुण्यात एका पथकात तीसच वादक अशी मर्यादा घातली, तर सुप्रीम कोर्टानं त्याच सप्टेंबरात तिला स्थगिती दिली. ढोल आता शहराची शान झाला. आपल्या आज्याच्या गळ्यात होता तेव्हा तो जातीचा पुरावा होता.

त्याचा राग येतोच. पण राग बाजूला ठेवून पथकाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं वाजवायला जन्म लागत नाही, नाव नोंदवावं लागतं. नको झालं तर सोडून जाता येतं. वाजवल्याची सुपारी ठरवून घेतात, भाकरीचा तुकडा घेत नाहीत. वतन आणि वर्ग ह्यात हाच फरक आहे. वतनात तू जन्मतोस, वर्गात तू जातोस. जात सांगते, हे तुलाच करावं लागेल आणि दुसऱ्याला करता येणार नाही. वर्ग सांगतो, ज्याला हवं त्यानं यावं. म्हणून मी म्हणतो, ढोलाचा वर्ग काढणं हे बाबासाहेबांच्या शब्दाविरुद्ध नाही. बाबासाहेबांनी मोडायला सांगितली ती सक्ती.

हा रस्ता दुसऱ्यांनी चालून दाखवलाय. तमिळनाडूत परै नावाचा डफ आहे. ज्या जातीला त्याचं नाव चिकटलं तिच्यावरूनच इंग्रजीत बहिष्कृताला 'परिया' म्हणायला लागले. अख्ख्या जगाच्या तोंडी गेलेली शिवी एका वाद्यातून निघाली. तिथल्या दलितांनीही मर्तिकाला परै वाजवणं नाकारलं, त्यासाठी हाल सोसले. आणि मग तीच परै चळवळीसाठी उचलली. दिंडुक्कलला शक्ती केंद्रात १९९० पासून दलित मुली परै वाजवतात, जिथं बाईनं तिला हात लावायचा नाही असा रिवाज होता. चेन्नईत 'बुद्धर कलै कुळु' म्हणजे बुद्धांचं कलापथक परैचे वर्ग घेतं. मदुराईकडचे परैचे वस्ताद वेलु आसान ह्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बिहारात दानापूरजवळच्या ढिबरा गावी सुधा वर्गीस ह्यांच्या पुढाकारानं महादलित बायकांनी बँड काढला. गाव आधी हसलं, नंतर लग्नाची सुपारी द्यायला आलं. आंध्रात १९९४ साली मादिगांच्या चळवळीनं आपलं नावच 'दंडोरा' ठेवलं. दंडोरा म्हणजे आपली दवंडी.

आता एक कडू बोलतो. महारांनी वाजवणं सोडलं, बौद्ध झाले, बरं झालं. पण हलगी मग एकट्या मांगाच्या गळ्यात राहिली. आणि आपल्यातलेच काही त्याला हसायला लागले, हे अजून वाजवतात म्हणून. ज्या वेठीतून आपण सुटलो तीत मागं राहिलेल्याला हसायचं, हा कुठला बुद्ध? १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, तो मांग आणि महार दोघांच्याही दुःखाबद्दल. त्या पोरीला दोन नावं एका ओळीत लिहिता आली. पावणेदोनशे वर्षं होत आली, आपल्याला एका चटईवर बसता येत नाही.

आणि हलगी येते कुणाला? उजव्या हातात टिपरू, डाव्यात बारीक काडी, कडं छातीशी धरून दोन्ही हातांचा वेगळा हिशेब सांभाळायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते घाटावरच्या मातंग वस्तादाच्या हातात आहे. ते शिकायचं तर त्याच्यापुढं शिष्य म्हणून बसावं लागेल. आपल्या वर्गाची खरी परीक्षा तीच.

म्हणून वर्ग काढा, पण अटी फळ्यावर लिहून काढा. पहिली, कुणालाही जात विचारायची नाही. बौद्ध, मातंग, ठाकर, कातकरी, कुणबी, मुसलमान, ज्याला यायचं त्यानं यावं. दुसरी, वस्तादाला गुरुजी म्हणायचं, खुर्ची द्यायची आणि मानधन ठरवून रोख द्यायचं. तिसरी, पोरी पुढच्या रांगेत. चौथी, कुणाच्या दारात हुकमानं वाजवायचं नाही. सुपारी घेतली तर पैसे ठरवून, पावती फाडून, आणि पंगतीत सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. पाचवी, सरावाआधी अर्धा तास वाचन, सुरुवात 'जातिनिर्मूलना'पासून. आपल्याकडं चार महिने पाऊस, चामडं सादळतं, शेकायला लागतं. त्या शेकोटीभोवती वाचनाला वेळ भरपूर मिळतो.

ज्याला ह्या अटी मान्य नाहीत त्यानं खुशाल डीजे आणावा. आणि ज्या म्हाताऱ्याला पोरांच्या हातात ढोल बघवत नाही, त्याला पोरांनी आधी बोलवावं, त्याच्याकडून वेठीची गोष्ट ऐकावी, मगच टिपरू उचलावं. त्यानं का सोडलं हे ठाऊक असलेल्या पोरानंच पुन्हा वाजवायला हात घालावा.

जयभीम.